एकशे वीसच्या नादात

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तीस वर्षं दारोदार विजेचे मीटर वाचत हिंडले. माणूस खोटं बोलेल, मीटर बोलणार नाही, एवढीच त्यांची श्रद्धा. गेल्या वर्षी छातीत कळ आली, तेव्हापासून त्यांना रोज एक पांढरी गोळी लागते. डॉक्टरांनी व्यायामही सांगितला, म्हणून आम्ही दोघं व्यायामशाळेत गेलो. अर्जात ‘चालू औषधे’ या रकान्यात दाजींनी ‘नाहीत’ लिहिलं.

"आणि गोळी?"

"ते औषध नव्हे रे, ती सवय."

मी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

भिंतीवर व्यायामात गाठायच्या ठोक्यांचा तक्ता होता. दाजींच्या ओळीत लिहिलेलं: वय अडुसष्ट, ठोके एकशे वीस. दाजी पट्ट्यावर चालायचे, घामाघूम व्हायचे, पण मशीनवरचा आकडा ब्याण्णवच्या पुढे हलेना.

"काका, जोर लावा! अजून इंजिन गरम नाही झालं," शिकवणारा ओरडायचा.

"मीटर स्लो असेल, दाजी."

"मीटर बरोबर आहे. मीच कमी पडतोय."

दहाव्या दिवशी आकडा चढला. एकशे दहा. एकशे वीस. दाजींनी निवडून आल्यासारखा हात हलवला. एकशे अडतीस. आणि तो हात तसाच खाली आला.

शिकवणाऱ्याने पट्टा थांबवला. आम्ही त्यांना जमिनीवर बसवलं. चेहरा भिंतीच्या रंगाचा. घाम पुसायला त्यांच्या खिशातून रुमाल ओढला, तर त्यातून तीन पांढऱ्या गोळ्या फरशीवर पडल्या.

"तीन दिवस घेतल्या नाहीत," दाजी पुटपुटले. "गोळ्यांच्या खोक्यातल्या चिठ्ठीत लिहिलंय, गोळी ठोके कमी करते. रीडिंग कसं येणार?"

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी ईसीजीची पट्टी काढली, मग कपाळाला हात लावला. "तो तक्ता गोळी न घेणाऱ्यांचा! तुमची गोळी ठोक्यांना लगाम घालते, त्यासाठीच दिलीय. लगाम एकदम सोडला की हृदय उधळतं. वाचलात."

पुढे गोळी चालू ठेवूनच तपासणी केली आणि त्यांचा आकडा ठरवून दिला: एकशे दोन. वर एक सोपी खूण सांगितली. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटलं, तर वेग कमी करायचा. छातीत दुखलं किंवा गरगरलं, तर थांबून लगेच कळवायचं.

ताई हे सगळं गप्प बसून ऐकत होती. चाळीस वर्षांत ताई गप्प बसलेली मी प्रथमच पाहिली. अर्जातली चूक मी दुरुस्त केली, पण त्या गप्प बसण्याचा धक्का अजून उतरलेला नाही.

आता सकाळी गोळी गिळेपर्यंत ती समोर उभी राहते, मग "तोंड उघडा" म्हणते. फिरायलाही बरोबर असते.

"भाजी कोणती आणू?"

"कोबी."

"पूर्ण वाक्य!"

"बाजारातून ताजा कोबी आण आणि मला जगू दे."

काल वळणावर दाजी नुसतेच गप्प झाले. ताई जागच्या जागी पांढरी पडली. दंडाला धरून त्यांना पायरीवर बसवलं.

"अगं, काही झालं नाही. विचार करत होतो."

ताईने त्यांचा दंड सोडला नाही. "यापुढे विचारसुद्धा मोठ्यानं करायचा."