सेबुहोरोचं सुतक

टेकडीवरच्या वस्तीत कोणाच्या लग्नात कोणी केळ्याच्या दारूचे किती घडे नेले, कोण रिकाम्या हाताने येऊन पोटभर पिऊन गेलं, कोणाच्या मयताला कोण फिरकलं नाही, हे सगळं व्हेनेरांडाला तोंडपाठ होतं. बायका तिला टरकून असत. तिच्यासमोर बढाई मारायची सोय नव्हती.

देवाकडे मात्र तिचं दर रविवारी एकच मागणं असे, आणि तेही मोठ्याने, सेबुहोरोला उदंड आयुष्य मिळावं म्हणून. सेबुहोरो म्हणजे त्या भागाचा तेव्हाचा प्रमुख. चौऱ्याण्णवच्या एप्रिलात देशभर कत्तली सुरू झाल्या तेव्हा त्याने व्हेनेरांडाच्या नवऱ्याला आणि दोन मुलांना "कचेरीत या, इथे तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही," म्हणून बोलावलं, बाहेरून कडी घातली आणि कोयतेवाल्यांना आवाज दिला. मग स्वतः सरहद्द ओलांडून पसार झाला. पाद्रीबाबांनी तर एकदा प्रवचनात व्हेनेरांडाचा दाखला दिला की शत्रूवर प्रेम करावं ते असं! ती मान खाली घालून बसून राहिली. मेलेल्याला बेड्या घालता येत नाहीत, एवढं साधं पाद्रीबाबांच्या लक्षात येत नव्हतं, त्याला ती काय करणार?

एका मंगळवारी अरुशाहून, त्या कत्तलींचे खटले चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे तपास अधिकारी शिरिमा आले. मोठं न्यायालय केव्हाच बंद झालं होतं. मागे राहिलेली कामं उरकायला एक लहान कचेरी ठेवली होती, आणि आता तिचीही आवराआवर चालली होती.

"मावशी, बातमी चांगली नाही," शिरिमा म्हणाले. "सेबुहोरोची फाइल आम्ही बंद करतोय. दोन हजार तीन साली तो काँगोत तापाने वारला. तिघांनी दफन पाहिल्याचं शपथेवर सांगितलंय."

"आणि हाडं?"

"कबरीवरून पुराचं पाणी गेलं. काही हाती लागलं नाही."

"म्हणजे पाणीसुद्धा त्याच्याच बाजूचं," व्हेनेरांडा म्हणाली. "साहेब, द्रोसेलाने डोकं कधी भादरलं?"

"कोणी?"

"त्याच्या बायकोने हो. ती समोरच राहते, पन्हळी पत्र्याच्या घरात. नवरा मेल्याचं तिनेच गावभर रडून सांगितलं. पण सुतक काही फेडलं नाही. शेजाऱ्यांना बोलावून दारू पाजली नाही, मेलेल्याचं नाव घेऊन जमिनीवर घोट सांडला नाही, केस उतरवले नाहीत. वर्षभरात तिचा भाऊ गेला, तेव्हा आठ दिवसांत चकोट! मी विचारलं, नवऱ्याचं काय गं? तर म्हणे, हाडं येऊ देत. वीस वर्षं हाडं येताहेत. म्हणून तर मी त्याला मेला म्हणत नाही."

शिरिमा हसले. "मावशी, न भादरलेलं डोकं न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही."

"चालत नाही ते मलाही कळतं. तुम्ही फक्त शनिवारपर्यंत फाइल उघडी ठेवा. आणि तिच्या फोनवर नजर ठेवायची परवानगी काढा. बाकीचं माझ्याकडे लागलं."

शिरिमांनी गाडीत बसून तीन फोन केले.

शनिवारी सकाळी व्हेनेरांडा चौदा बायका आणि सहा घडे घेऊन द्रोसेलाच्या अंगणात हजर झाली. वस्तरा पदराला बांधला होता. शिरिमांना तिने बाकावर बसवलं.

"अगं द्रोसेला, बाहेर ये! आता न्यायालयानेच मेला म्हणून सांगितलं. बिचारा वीस वर्षं लटकतोय. चल, मोकळा करू त्याला."

द्रोसेला दारात आली. चेहरा पिठासारखा. "तुला कुठून पुळका आला त्याचा?"

"शेजारधर्म गं. तुझ्या भावाच्या वेळी मी दोन घडे आणले होते, आज सहा आणलेत. नवरा मोठा की भाऊ?"

बायका फिदीफिदी हसल्या. कोणीतरी द्रोसेलाला स्टुलावर बसवलं. व्हेनेरांडाने दुधी भोपळ्याच्या पात्रात दारू ओतून तिच्या हातात दिली.

"घे त्याचं नाव, आणि सांड."

द्रोसेलाने पात्र छातीशी धरलं. न्यायालयाला खोटं सांगणं वेगळं, सरकारी कागदावर अंगठा उठवणं वेगळं. पण जित्या माणसाच्या नावाने घोट सांडला की जमीन त्याला न्यायला येते, हे तिने आईच्या मांडीवर बसून ऐकलं होतं. इथल्या प्रत्येकीनेच ऐकलं होतं.

"मला बरं वाटत नाहीये."

"मग बस तशीच. मी सांडते तुझ्या वतीने." व्हेनेरांडाने पात्र काढून घेतलं आणि तिरकं केलं. "सेबुहोरो, पोट भरून पी, बाबा—"

"नको!" द्रोसेलाने पात्रावर झडप घातली. जमिनीवर थेंब पडू नये म्हणून ती सगळी दारू तिने स्वतःच्या कपड्यांवर घेतली आणि तशीच निथळत आत पळाली. कडी लागल्याचा आवाज आला.

अंगणात एकही बाई हसली नाही. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, "आहे की मेला जिवंत."

शिरिमा बाकावरून उठले होते. "मावशी..."

"मला काय बघता? तिचा फोन बघा. तो धडधाकट आहे की नाही, हे विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही."

दुपारच्या जेवणाआधीच फोन लागला. समुद्रकाठच्या एका दूरच्या शहरात, चष्म्यांच्या दुकानात. पाच महिन्यांनी तिथल्या पोलिसांनी दुकानदाराला सेबुहोरो या नावाने हाक मारली आणि एकोणसत्तर वर्षांच्या त्या म्हाताऱ्याने चटकन वळून पाहिलं.

बातमी आली त्या संध्याकाळी व्हेनेरांडा समोर गेली. द्रोसेला उंबऱ्यावर बसली होती.

"झालं समाधान?" द्रोसेलाने विचारलं. "माझ्या हातून माझ्याच माणसाला धरवलंस."

"हो. तुझ्याच हातून. माझ्या तिघांना त्याने माझ्याच हातून कचेरीत पाठवलं होतं. मीच त्यांना धुतलेले शर्ट घालून दिले होते." ती तिच्या शेजारी टेकली. "आणि समाधान एवढ्यात कुठलं? खटला उभा राहायचाय. त्याला साखरेचा आजार आहे म्हणे. वकिलाला सांग, औषधं वेळेवर द्या. तुझ्यापेक्षा मलाच तो जास्त जिवंत हवाय."

रविवारी देवळात पाद्रीबाबांनी कान टवकारले. मागणं नेहमीचंच होतं, फक्त शेवटी एक वाक्य वाढलं होतं.

"देवा, सेबुहोरोला उदंड आयुष्य दे. आणि त्याची स्मरणशक्ती शाबूत ठेव."