रामनाथच्या फाटकापुढची दोन पदं

आगाशीच्या त्या आळीत रामनवमीची पालखी निघते तेव्हा बुवा झांज घेऊन पुढे चालतात आणि प्रत्येक दारापुढे एक पद गातात. दार बागाईतदाराचं असो की एस.टी.तल्या कंडक्टरचं, पद एकच. दिनानाथ वीस वर्षं बुवांच्या मागे उभा राहून ध्रुपद धरत आला होता. हा नेम मोडलेला त्याने कधी पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी तो मोडला. समोरच्या रामनाथने रिमोटचं फाटक बसवलं होतं. पालखी दारात आली आणि अर्धं उघडं ठेवलेलं ते फाटक आपलं आपण सरकत पूर्ण उघडलं. रामनाथने खिशातला हात बाहेरसुद्धा काढला नव्हता. बायका "अगं बाई!" करत मागे झाल्या. बुवा खळखळून हसले. "रामनाथा, अयोध्येची वेससुद्धा अशी उघडली नसेल हो!" असं म्हणाले, आणि त्याच आनंदात त्यांनी दुसरं पद उचललं.

दिनानाथने त्याही पदाला ध्रुपद धरलं. पण सूर काही लागला नाही.

ते दुसरं पद वर्षभर त्याच्या पोटात रुतून बसलं. जेवताना मध्येच घास थांबवून तो म्हणायचा, "भैरवी होती गं ती. भैरवी! शेवटच्या दारासाठी राखून ठेवतात, आणि रामनाथच्या दारात गायली!"

त्याची बायको जयवंती आमटी वाढता वाढता म्हणायची, "नाव रामाचंच होतं ना? कानावर पडलं म्हणजे तुमचंही झालं."

हे पटण्यासारखं होतं. म्हणूनच त्याला जास्त राग यायचा.

फाल्गुनात त्याने जाहीर केलं, "आपणही रिमोटचं गेट बसवायचं."

"गाडी कुठाय आपल्याकडे?"

"स्कूटर आहे की."

"स्कूटरला वीतभर फट पुरते, अहो."

पण त्याचं ठरलं होतं. वसईच्या कुणीतरी ॲन्सेल्म नावाच्या कारागिराचा नंबर दिला होता, त्याला बोलावलं. गळ्यात क्रूस, कानामागे पेन्सिल. आल्या आल्या ॲन्सेल्म मातीत गुडघे टेकून बसला आणि पाण्याच्या नळीने जमिनीचा उतार बघू लागला. मग एकेक विचारायला लागला. फाटक दिवसातून किती वेळा उघडतं? काकींना रिमोट जमेल ना? लाईट गेली तर हाताने उघडायची चावी कुठे ठेवणार?

"आणि काका, जाळीचंच करा," तो म्हणाला. "पत्रा मारलात तर बाहेर कोण आलंय, तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही घरात आहात, ते बाहेरच्याला कळायचं नाही."

दिनानाथला माणूस मनापासून आवडला. चहाबरोबर त्याने लाडूही आणायला सांगितला. लाडू फोडता फोडता ॲन्सेल्म म्हणाला, "समोर रामनाथकाकांचं बघा ना. जाळीचंच केलंय मी."

"ते तू केलंस?"

"मीच."

संपलं. लाडू ॲन्सेल्मने खाल्ला, पण काम गेलं. तो वळणावर दिसेनासा झाल्यावर दिनानाथ म्हणाला, "रामनाथचा उष्टा कारागीर आपल्याला नको."

"उष्टा काय? तो काय ताट आहे?" जयवंतीने कपाळावर हात मारला.

मग एव्हरशाईन सिटीतल्या एका दुकानातून मितेश आला. इस्त्रीचा शर्ट, हातात जाड गुळगुळीत कॅटलॉग. त्याने ना उतार बघितला, ना माप घेतलं.

"अंकल, फुल शीट घ्या. एकदम प्रीमियम. बाहेरून कुछ नहीं दिखता."

"समोरच्या फाटकापेक्षा उंच?"

"दीड फूट उंच देतो ना."

"आवाज?"

"मांजर पण उठणार नाही."

मोटर कुठली, बिघडली तर येणार कोण, हे दिनानाथने विचारलंच नाही. एवढंच विचारलं, "रामनवमीच्या आधी?"

"आदल्या दिवशी फिट. डन."

आणि खरंच, आदल्या दिवशी ते चॉकलेटी, उंच, सलग पत्र्याचं फाटक उभं राहिलं. जाताना मितेश एवढंच म्हणाला, "आंटी, रुळावर रांगोळी-बिंगोळी नको हां, कण अडकतात." म्हणून जयवंतीने रांगोळी आत, तुळशीपाशी काढली.

रामनवमीला दिनानाथ पालखीबरोबर गेला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. फाटक उघडायला घरी कोण राहणार? मोतिया रंगाचा झब्बा घालून, मुठीत रिमोट धरून तो फाटकाआड उभा राहिला. शेजारी जयवंती, हातात आरतीचं तबक.

"टाळ ऐकू येतायत. उघडा आता."

"थांब. रामनाथने अर्धं उघडं ठेवलं होतं, म्हणून निम्मीच गंमत आली. आपलं पूर्ण बंद आहे. देव समोर आला की उघडेल."

अलीकडच्या घरापुढचं पद संपलं. मृदुंग जवळ आला. टाळ अगदी फाटकाशी आले आणि एकाएकी थांबले. सगळं शांत झालं. फक्त पावलं वाजत होती.

"बघतायत," दिनानाथ कुजबुजला. त्याच्या अंगावर काटा उभा राहिला होता. "अवाक झालीत सगळी."

"मग बोलत का नाही कुणी?"

"अगं, बोलतील कशी?"

रामनाथलाही पुरतं बघू दे, म्हणून त्याने मनातल्या मनात तीनदा रामनाम घेतलं आणि मग बटण दाबलं. मितेश खोटं बोलला नव्हता. फाटक लोण्यासारखं सरकलं.

रस्त्यावर गुलाल पडला होता. माणूस एकही नव्हता. पालखीची पाठ पलीकडे रामनाथच्या फाटकात दिसत होती आणि तिथे टाळ पुन्हा वाजू लागले होते. बुवांनी पद सुरू केलं होतं.

त्या आळीत पालखीच्या दिवशी दारं सकाळपासून उघडी असतात. दार बंद, बाहेर रांगोळी नाही, घरचा माणूस पालखीत नाही, याचा अर्थ एकच होतो. अशा घरावरून जाताना टाळ मुके करतात, माना खाली घालतात आणि हाक न मारता पुढे जातात. लोकांनी ते मायेनेच केलं होतं.

आधी जयवंतीच्या ध्यानात आलं. "अहो, आपल्याला सुतक आहे समजले!"

तिच्या हातातलं तबक घेऊन दिनानाथ धावत सुटला. तो रामनाथच्या फाटकाशी पोचला तेव्हा पद नुकतंच संपलं होतं. त्याला बघून बायका चार पावलं मागे सरल्या.

"दिना, लांब रे, लांब!" रामनाथ पुढे आला. त्याचे डोळे भरले होते. "कोण गेलं? सकाळी फोन आला का? मला एक हाक तरी मारायचीस!"

"कुणी नाही गेलं! सगळे जिवंत आहेत!"

"मग फाटक का बंद?"

दिनानाथने मूठ उघडली. त्यात रिमोट होता. मागून एक म्हातारी म्हणाली, "नवमीच्या दिवशी देवालाच बाहेर ठेवलास की रे!" आणि सगळी आळी हसली.

पालखी मागे फिरवत नाहीत. ते दिनानाथला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा बघून रामनाथच बुवांकडे वळला. "बुवा, पालखी मागे जायची नाही, पण दिना तर इथे येऊन उभा आहे. त्याचं पद इथेच होऊ द्या."

"होऊ दे की," बुवा म्हणाले. "ये दिनानाथा, ध्रुपद धर. आज तुझ्यावाचून घसा कोरडा पडलाय."

मागून धापा टाकत आलेल्या जयवंतीने पालखी ओवाळली. बुवांनी झांज उचलली आणि भैरवीच लावली. दिनानाथ आपल्या नेहमीच्या जागी, बुवांच्या उजव्या खांद्यामागे उभा राहिला. डोळे मिटले, सूर अगदी पहिल्या झटक्यात लागला, गालांवरून पाणी वाहू लागलं. रामनाथ त्याच्या शेजारी टाळ्या वाजवत मोठ्याने गात होता, बेसूर आणि अगदी मनापासून.

पण दुसऱ्या कडव्याला दिनानाथने डोळे उघडले. डोक्यावर रामनाथचं तोरण होतं. पायांखाली रामनाथच्या घरची रांगोळी. पद आपलं खरं, पण दार रामनाथचं. म्हणजे याही वर्षी...

जयवंतीने त्याला कोपराने ढोसलं. "सूर सोडलात."

त्याने सूर पुन्हा धरला.