एक्केचाळीस जळालेल्या जागा

टॅबमधला फॉर्म दोनच प्रश्न विचारायचा. जागा जळालेली आहे का? हो किंवा नाही. कारण काय? नैसर्गिक किंवा मानवी. खाली जमीनधारकाचं नाव, आणि झालं. तिसरा रकाना कुणी ठेवलाच नव्हता, आणि एकोणीस घरांचं वाटोळं त्या न ठेवलेल्या रकान्याने केलं.

फॉर्म भरणारी प्रिया. पळसदरीच्या वरच्या अंगाला जी ठाकरवाडी आहे तिथल्या गोमा निरगुडाची मुलगी, कर्जतच्या कॉलेजात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. दर जानेवारीत खोपोलीच्या एका पर्यावरण संस्थेकडे शहरातली पोरं यायची. टोप्या, बूट, पाण्याच्या नळ्या लावलेल्या पिशव्या. त्यांना म्हणायचं इंटर्न. आणि वाडीतली जी पोरं त्यांच्यापुढे चालून वाट दाखवायची, झाडांची नावं सांगायची, काटा रुतला तर काढून द्यायची, त्यांना म्हणायचं स्थानिक मित्र. डोंगर एकच, ऊन एकच. इंटर्नला शेवटी सर्टिफिकेट मिळायचं, मित्राला ग्रुप फोटोत शेवटच्या ओळीत उभं राहायला मिळायचं.

प्रियाने दोन वर्षं मैत्री केली. तिसऱ्या वर्षी ती संस्थेच्या राजेश सरांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "सर, या वेळी मला इंटर्न व्हायचंय."

सर हसले. मग विचारात पडले. मग हो म्हणाले. देणगीदारांच्या अहवालात आदिवासी इंटर्न किती शोभून दिसेल हे त्यांना तेवढ्यात सुचलं असणार. प्रियाला हिरवा टी-शर्ट मिळाला. आणि टी-शर्टाबरोबर बाकी एकवीस जणांना होतं ते स्वप्नही मिळालं: ज्याचं काम सगळ्यात चांगलं, तो जुलैत सहा आठवडे जर्मनीला जाणार. पर्यावरणाचा कोर्स, सगळा खर्च तिकडचा. जागा एक.

प्रियाला ती जागा पाहिजे होती. खोटं कशाला बोला, जेवताना, झोपताना तिला तीच दिसायची. तिने गुपचूप कॉलेजच्या कॉम्प्युटरवर त्या विद्यापीठाची इमारत बघून ठेवली होती.

विषय होता डोंगरातल्या जळालेल्या जागा. बाकीचे सकाळी गाडीरस्त्याने जायचे, लांबून काळं दिसलं की नोंद, अकराला सावलीत. ठाण्याची आरोही, प्रियाची जोडीदार, तिच्या दोन महिन्यांत नऊ जागा झाल्या. प्रियाच्या एक्केचाळीस. कारण प्रियाला माहीत होतं कुठे जायचं. तिने वाडीतला एकेक राब गाठला.

राब ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. भाताचं रोप ज्या तुकड्यावर टाकायचं, तिथे थंडी सरताना शेण, पालापाचोळा, झाडाचे टहाळे पसरायचे, वरून माती भुरभुरायची आणि वारा पडलेला बघून पेटवायचं. माणूस हातात ओला डहाळा घेऊन विझेपर्यंत उभा. तण मरतं, माती भाजते, रोप तरारून येतं. एक तुकडा, चार बांधांच्या आत. याला वणवा म्हणायचं तर मग घराघरातल्या चुलीलाही अग्निशमन दल बोलवा.

प्रियाला पहिल्या दिवशीच अडलं होतं. तिने आरोहीला विचारलं, "हे वणव्यात कसं धरायचं?"

"जळलंय ना? मग हो. माणसाने जाळलंय ना? मग मानवी. इतका विचार नको करू गं, पुढे चल."

प्रियाने बोट टेकवलं. चूक तिची, हे ती स्वतः आजही सांगते. पण चूक एकटीची नव्हती. वाडीनेही हौसेने हातभार लावला होता. आपल्या लोकांना सरकारी कागदाचा एकच अनुभव: यादीत नाव असलं की काहीतरी येतं, नसलं की हात चोळत बसायचं. प्रिया टॅब घेऊन फिरतेय म्हटल्यावर गोमा स्वतः पुढे झाला.

"ठकीचा बी घे गं. नायतर वरीसभर बोलंल, गोमाच्या पोरीनं माझाच सोडला."

ठकी पलीकडच्या बांधावरून ओरडली, "सोडतीय कशी! इंटरन झाली म्हून काय वाडीबाहेरची झाली व्हय? ये हिकडं. पाणी पी, आन नाव नीट लिव. ठकी कोंडाजी. मागच्या यादीत ठकू केलतं मेल्यांनी."

प्रियाने नीट लिहिलं. सगळ्यांचंच नीट लिहिलं. तिच्याइतकं नेटकं काम बावीस जणांत कुणाचं नव्हतं.

एप्रिलमध्ये निकाल लागला. प्रिया जर्मनीला जाणार. राजेश सर वाडीत आले, गोमाला शाल घातली, सोमीला, म्हणजे प्रियाच्या आईला, कुंडीतलं रोप दिलं. जंगलात राहणाऱ्या बाईला कुंडी! सोमीने ती हसू दाबत घेतली. ठकीने प्रियाची दृष्ट काढली. त्या दुपारी प्रियाएवढं सुखी माणूस तालुक्यात नसेल.

तोवर संस्थेचा अहवाल जंगलखात्याच्या वरच्या ऑफिसात गेला होता. त्यात नकाशा होता, त्यावर लाल ठिपके: एका वाडीभोवती एक्केचाळीस मानवनिर्मित वणवे. शाल घातली त्याच्या नवव्या दिवशी खात्याचा गार्ड एकोणीस नोटिसा घेऊन आला, एका घराला एक. वाचून कोण दाखवणार? वाडीत इंग्रजीपर्यंत शिकलेली कोण?

प्रियाने पारावर उभं राहून आपल्याच माणसांना नोटीस वाचून दाखवली. वनहक्काने मिळालेल्या प्लॉटवर आग लावली म्हणून प्लॉट रद्द का करू नये, याचा खुलासा द्यावा. सुनावणी होईपर्यंत प्लॉटवर नांगर घालू नये. सोबत अहवालातली जागांची यादी. अनुक्रमांक सतरा, गोमा. अठरा, ठकी कोंडाजी. नाव अगदी नीट.

मग ठकी म्हणाली, "आमी तुला पाणी पाजून नावं दिली गं."

दुसऱ्या दिवशी प्रिया खोपोलीला संस्थेच्या ऑफिसात.

"सर, तो राब आहे. वणवा नाही."

"मला माहितीये," सर म्हणाले.

माहीत नसतं तर तिने समजावून सांगितलं असतं, त्याची तयारी रस्ताभर केली होती.

"माहितीये गं, मी वीस वर्षं फिरतोय इथे. पण फॉर्म बाहेरचा आहे, जगभर तोच वापरतात. त्यात राब नावाचं काही नाही."

"मग पत्र द्या ना, सर. नोंद चुकलीय म्हणून."

"नोंद चुकली तर तुझा प्रकल्प चुकला. मग तिकडे जाऊन काय मांडणार आहेस?" सरांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज मऊ केला. "भावनेच्या भरात येऊ नकोस. सहा आठवड्यांचा प्रश्न आहे. जाऊन ये. आल्यावर आपण राबावर वेगळा प्रकल्प करू. तूच कर. किती छान होईल!"

"तोपर्यंत पेरणी गेलेली असेल, सर."

"पेरणी दर वर्षी येते, प्रिया."

घरी गोमाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू जा. नोटीस काय, माझ्या बापाला बी आलती. आमी बघू काय त्ये."

तिने ऐकलं नाही. दोन दिवसांनी तिने पत्र लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत: या एक्केचाळीस नोंदी मी केल्या, त्या चुकीच्या आहेत, तिथे राब भाजला होता, मी त्या मागे घेते. एक प्रत संस्थेला, एक खात्याच्या ऑफिसात, शिक्का मारून.

आता वाटेल की एवढं धाडस केलं तर काहीतरी हललं असेल. काय हललं ते सांगतो. संस्थेने कळवलं की नोंदी ही संस्थेची मालमत्ता आहे, इंटर्नला त्या मागे घेता येत नाहीत. असहकार्यामुळे निवड रद्द. दुसऱ्या क्रमांकावरची आरोही जाईल, प्रकल्प मात्र हाच राहील. खात्याच्या ऑफिसात साहेब म्हणाले, बाप आरोपी आहे म्हणून मुलगी आता शब्द फिरवतेय, आधीचं लिहिलेलं तेच खरं धरायचं. सुनावणीची तारीख दिवाळीनंतरची पडली.

वाडीनेही तिला खांद्यावर घेतलं नाही. ठकी विहिरीवर सगळ्यांसमोर म्हणाली, "आमचं घालवलं ते घालवलं, आन सोताचं बी घालवून बसली. येवढं शिकून काय शिकली?" गोमाने मुलीची बाजू घेतली नाही. घरात येऊन एवढंच बोलला, "गेली असतीस तर बरं झालं असतं. येकाचं तरी झालं असतं."

तो राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

जुलैत भाजलेल्या राबांवर गवत गुडघ्याला आलं. एकोणीस घरं पळसदरीच्या खालच्या शेतांत दुसऱ्यांच्या आवणीला, म्हणजे भात लावायला, गेली. प्रियाही गेली. चिखलात वाकलेली असताना कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. आरोहीचा मेसेज, जर्मनीहून. फोटोत ती मोठ्या पडद्यापुढे उभी, पडद्यावर लाल ठिपके. खाली लिहिलेलं: "प्रिया, प्लीज! सतरा नंबरच्या जागेवर टहाळे कुठल्या झाडांचे होते? प्रोफेसर विचारतायत. दुपारी मांडायचंय."

सतरा म्हणजे गोमा. झाडं म्हणजे ऐन आणि किंजळ, शेंडा राखून तोडलेली, म्हणजे झाड मरत नाही. प्रियाला हेही ठाऊक होतं की कुठल्या झाडाला यंदा हात लावायचा नाही, कारण गेल्या वर्षी लावला होता. तीन वर्षं विचारेल त्याला ती हे सांगत आली होती.

तिने हात ओढणीला पुसले आणि टाइप केलं, "वाडीवर ये आन माझ्या बापाला विचार. मी आता सांगत नाय."

"वॉव," आरोहीचं उत्तर आलं. "मी तुला मैत्रीण समजत होते."

दुपारी तिने मांडलं. झाडांची नावं माहीत नव्हती, म्हणून पडद्यावर लिहून टाकलं: स्थानिक प्रजाती. कुणी पुढे काही विचारलं नाही. टाळ्या वाजल्याचा व्हिडिओ संस्थेने संध्याकाळी टाकला.