खोकल्याचा ठेका

आमच्या जिनेशनं आयुष्यात पहिल्यांदा शाहिदची माफी मागितली, तीही आईनं त्याच्या फोनवरून पाठवलेली, त्याला न विचारता.

क्षमावाणीचा दिवस होता. पर्युषणाचे उपास संपले की या दिवशी आम्ही जैन मंडळी वर्षभरात ज्यांना दुखावलं त्यांची हात जोडून क्षमा मागतो. खरंच दुखावलं का, याची चौकशी कोणी करत नाही. पूर्वी आई घरोघर जायची. आता तिचे गुडघे बोलतात, म्हणून ती घरातले सगळे फोन पुढ्यात घेऊन बसते आणि सगळ्यांच्या नावानं एकच निरोप पाठवते: 'वर्षभरात कळत-नकळत आपले मन दुखावले असेल तर हात जोडून क्षमा मागतो. उत्तम क्षमा.' जिनेश अंघोळ करून बाहेर येईस्तोवर हा निरोप दूधवाल्यापासून शाहिदपर्यंत पोचला होता.

शाहिद म्हणजे जिनेशचा जोडीदार. होता. दोघं मिळून 'दोन तोंडं' नावानं रॅप करायचे. शाहिद मंगरूळपीरचा. त्याच्या वडिलांचं, रहीमचाचांचं, तिथं गाद्या भरायचं दुकान आहे. चारी बाजूंनी कापूस, त्यामुळे आवाज घुमत नाही, आणि म्हणून या दोघांचा स्टुडिओ तोच. पोरं गायला लागली की चाचा पिंजायचं यंत्र बंद करायचे, गिऱ्हाईक खोळंबलं तरी. रुईनं त्यांची छाती कधीच धरलेली. खोकला आला की तोंडावर हात दाबून उन्हात जाऊन उभे राहायचे, रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

मग दोघांचं फाटलं. पोस्टरवर कोणाचं नाव आधी, असलंच काहीतरी. जिनेशनं इर्षेनं एकट्याचा अल्बम काढायला घेतला. बाबा गेल्यापासून कापडाचं दुकान आई आणि मी पाहतो. त्याच्या मागच्या गोदामात थानांच्या थप्प्यांमध्ये बसून पठ्ठ्यानं सगळी गाणी केली. अल्बमचं नाव 'एकटाच'. बाबांवरचं गाणं ऐकून मी रडले होते. बहीण आहे म्हणून सांगत नाही, पोराच्या अंगात कला आहे. अक्कल मात्र नाही.

कारण शेवटचं गाणं शाहिदवर होतं. त्यात ही ओळ:

बाप तुहा खोकलते, तोच तुहा बीट,
रुई त्याच्या छातीत, तुले बोलता येत नाही नीट.

मी म्हटलं होतं, "हे काढ." तो म्हणाला, "ताई, तुले यातलं समजत नाही. याले बॅटल म्हनतात." अल्बम आला, आणि बाबांवरचं गाणं कोणी ऐकलंसुद्धा नाही. ही ओळ मात्र वणव्यासारखी पसरली. पोरं ठेक्यावर खोकून रील करायला लागली. शाळेच्या गणवेशातली, ट्रॅक्टरवरची, नवरदेवाच्या वरातीतली. मला ते पाहून किळस आली, आणि जिनेश आकडे बघून हसत होता, याचा जास्त राग आला.

तर त्या सकाळी शाहिदनं आईच्या निरोपाचा फोटो टाकला. खाली लिहिलं, 'हात जोडून आला पाहा.' झालं! संध्याकाळी आमच्या वाशीममध्येच एका मंगल कार्यालयात जिनेशचा पहिला मोठा कार्यक्रम होता, आणि दुपारच्या आत गावभर झालं की हा घाबरला. त्याचा बीट वाजवणारा बादल मानोरा गावाहून गाडी पिटाळत आमच्या दुकानात आला.

"स्टेजवर चढल्या चढल्या सांग, का तो मेसेज तुहा नव्हता," बादल म्हणाला. "नाही त पोट्टे चपला फेकतीन."

जिनेश आईकडे वळला. "तुले कोनी सांगतलं होतं?"

"दरसाल जाते तो मेसेज."

"या साली भांडन हाय ना आई!"

"भांडन हाय म्हनूनच त पाठवाचा असते. गोडीगुलाबीत कोनी माफी मागते का?" आई थान गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तुले सांगाचं असन त सांग स्टेजवर. पन मंग पुरं सांग. मले माफी मागाचीच नाही, असं सांग."

"सांगीन," जिनेश म्हणाला. आईचा हात थांबला. उपासांनी तिचं तोंड आधीच सुकलं होतं. मला भावाच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर रहीमचाचा उभे.

धुतलेला पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. बसनं आले होते. पायऱ्या चढून दम लागला म्हणून जरा थांबले, तोंडावर हात धरून खोकले, आणि मग हसले.

"फरहीननं वाचून दाखवला मेसेज," चाचा जिनेशला म्हणाले. फरहीन त्यांची मुलगी. "म्हटलं, पोरानं हात जोडले, आता घरी बसून कसं चालन? तुमचं दोघायचं काय बिनसलं, मले कोनी सांगत नाही. शाहिद त गानं लावूच देत नाही घरात. मी आलो त फोन बंद करते. पन तू मागतली ना माफी? मंग झालं. म्या माफ केलं. शाहिदले मी समजावतो."

चाचांनी ती ओळ ऐकलीच नव्हती. शाहिदनं जिनेशला हजार शिव्या दिल्या असतील, पण वडिलांच्या कानावर एवढी गोष्ट जाऊ दिली नव्हती.

"तुनंच पाठवला ना, बेटा?" चाचांनी सहज विचारलं.

आई जिनेशकडे पाहत होती. बादल त्याच्या मागं उभा राहून मान हलवत होता, नको नको म्हणून.

"हो चाचा. म्याच," जिनेश म्हणाला.

आईनं पटकन पेढ्यांचा पुडा सोडला आणि पहिला पेढा जिनेशच्या हातावर ठेवला. त्याला तो गिळवेना.

"आता आलोच हावो त तुहा पोग्राम पाहूनच जातो," चाचा म्हणाले. "माह्या दुकानात शिकला तू."

"चाचा, लई आवाज असते तिथं," मी घाईनं म्हटलं. "तुमाले तरास होईन."

"अवो पोरी, यंत्रापाशी जिंदगी गेली माही. मले आवाजाचं भेव दाखवतं का?"

गोदामात नेऊन जिनेशनं बादलला सांगितलं, शेवटचं गाणं वाजवायचं नाही. बादल कपाळाला हात लावून बसला. "लोकं त्याच गान्यासाठी येऊन राह्यले बाप्पा! तू त वरातीतून नवरदेवच काढून राह्यला."

"नाही वाजवाचं म्हटलं ना!"

"अन् मेसेजचं?"

"तो माहाच होता," जिनेश म्हणाला. मला वाटलं, चला, आलं शेवटी डोकं ठिकाणावर. उशिरा का होईना.

कार्यालय गच्च भरलं होतं. मी चाचांना मुद्दाम कडेच्या खुर्चीवर, दाराजवळ बसवलं. वेळ पडली तर बाहेर काढता येईल, हा हिशोब. जिनेश स्टेजवर आला तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "हात जोड, हात जोड!" हशा पिकला. त्यानं लक्ष दिलं नाही. एकामागून एक गाणी घेतली, आणि खरं सांगते, असा तो कधीच गायला नव्हता. बाबांवरचं गाणं झालं तेव्हा चाचांनी डोळे पुसले.

"लखमीचंदभाईवर हाय ना हे?" त्यांनी मला विचारलं. "मोठा गुनी हाय तुहा भाऊ."

मी मान हलवली. अजून थोडंच, मी मनात म्हणत होते. दोन गाणी, आणि सुटलो.

मग मागच्या रांगेत कोणीतरी खोकलं.

दुसरा खोकला. तिसरा. ठेक्यात. खॉक, खॉक, खॉक-खॉक. बघता बघता अर्धं कार्यालय खोकायला लागलं. मोबाईल वर गेले.

"पोट्ट्यायले काय झालं?" चाचांनी काळजीनं विचारलं. "धूळ उडाली का?"

"चला चाचा, बाहेर जाऊ," मी त्यांचा हात धरला.

"थांब ना."

जिनेश दोन्ही हात हलवत ओरडत होता, "नाही! ते नाही!" पोरांना वाटलं, तो त्यांना चढवतोय. बादलनं काहीच वाजवलं नव्हतं, गरजच नव्हती. सगळ्यांनी मिळून ओळ घेतली. बाप तुहा खोकलते, तोच तुहा बीट. एकदा, दोनदा. मधल्या रांगेतल्या एकानं तर छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून म्हाताऱ्याची नक्कलही केली.

चाचांचा हात माझ्या हातात होता. तो आधी सैल होता, मग ताठ झाला. त्यांना समजलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं.

जिनेशनं माइक खाली टाकला आणि तो उडी मारून आमच्याकडे आला. गर्दीला वाटलं, तो पोरांत नाचायला उतरला. शिट्ट्या झाल्या. आम्ही तिघं दाराबाहेर, चपलांच्या ढिगापाशी आलो.

"दुपारी म्या माफ केलं तुले," चाचा म्हणाले. आवाज अगदी साधा. "कायचं, ते इचारलंच नव्हतं."

"चाचा, मेसेज म्या नव्हता पाठवला. आईनं पाठवला. दुपारी मी खोटं बोललो." जिनेश म्हणाला. "आता मागून राह्यलो. माह्या तोंडानं. माफ करा मले." त्यानं हात जोडले आणि वाकला.

आतून अजून खोकण्याचा आवाज येत होता. चाचांनाही खरा खोकला आला. ते सवयीनं दोन पावलं लांब जाऊन, तोंडावर हात दाबून खोकले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते.

"आयकलं म्या," ते म्हणाले. "पन आज नाही जमत, बेटा."

मी त्यांना गाडीवर बसवून स्टँडवर नेलं. बसमध्ये चढताना ते वळून म्हणाले, "भाभीले सांगजो, त्याहीची माफी पोचली."

घरी आले तेव्हा जिनेश आईसमोर जमिनीवर बसला होता. गाणं त्यानं काढून टाकलं होतं. त्याचा काही उपयोग नव्हता, ते कधीच हजार फोनांत गेलं होतं. मी आईला चाचांचा निरोप सांगितला.

"अन् जिनेशची?" आईनं मला विचारलं.

"माही नाही पोचली," जिनेशच म्हणाला. "उद्या मंगरूळला जातो. परवा बी जाईन."