ओल्या भिंतीवरच्या पाच रेघा

एक भिंत डोळ्यांपुढे आणा पाहू. मातीची भिंत, वरून चुना दिलेला. चुन्यात थोडी नीळ घातलेली, म्हणून पांढऱ्यापेक्षा जराशी निळसर. भिंतीच्या एका टोकाला दार, दुसऱ्या टोकाला शिवणाचं मशीन. दार आणि मशीन यांच्यामध्ये दीड हात जागा आहे. तिथे काहीच नाही. ती रिकामी जागा नीट बघून ठेवा.

आली डोळ्यांपुढे? आता खोली बघा. ही जळगावातली, रेल्वे लाइनीच्या पलीकडच्या चाळीतली. साल दुष्काळाचं, एकोणीसशे बहात्तर. नळाला दोन दिवसांआड पाणी यायचं आणि घरटी दोन हंड्यांवर भागवावं लागायचं. या खोलीत तिघं राहायची. डाळ मिलमध्ये हमाली करणारा भाईदास, त्याची बायको सुंदरबाई आणि त्यांची नऊ वर्षांची मुलगी कस्तुरा. दिवाळी झाली, भाईदासला कावीळ झाली, आणि आठ दिवसांत तो गेला. मग दोघीच उरल्या, आणि मशीन.

मशीन हप्त्याने घेतलेलं होतं. महिना वीस रुपये, असे अठरा महिने. दुकानाचा माणूस शालिग्राम दर महिन्याच्या पाच तारखेला सायकलवर यायचा, पैसे घ्यायचा आणि कार्डावरच्या एका चौकोनात सही करायचा. कार्डावर चौकोन होते बारा. ते भरले तेव्हा शालिग्राम म्हणाला, "वहिनी, नवी कार्डं छापायला गेलीत. तोवर इथं मांडून ठेवतो." त्याने कानावरची जांभळी पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि दाराशेजारी भिंतीवर एक रेघ ओढली. रेघेपुढे तारीख, तारखेपुढे 'शा'.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. का वाटावं? त्याच भिंतीवर दुधाचा हिशेब होता. गवळी रतीब घालून गेला की घरातल्या बाईने गेरूचं बोट ओढायचं. महिना संपला की बोटं मोजायची, पैसे द्यायचे, पुसून टाकायची. गवळ्याने भिंतीवर कधी अविश्वास दाखवला नाही. मग हप्तेवाल्याची रेघ तिथे गेली तर काय बिघडलं? जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत पाच रेघा झाल्या. कस्तुराला शालिग्रामचा चेहरा पुढे नीट आठवत नव्हता. जिभेचा जांभळा शेंडा तेवढा आठवत होता.

भाईदासच्या बाराव्याआधी धुळ्याहून काकू आली. तिने घर सारवायला घेतलं आणि कस्तुराच्या हातात चुन्याचा कुंचला दिला. दूध तर बंदच झालं होतं. कस्तुराने सगळ्या भिंतीला चुना मारला, तसा दाराशेजारीही मारला. कुंचला फिरवला तरी रेघा दिसतच होत्या. तिने पुन्हा फिरवला.

"काकू, हे जात नाही."

"जाई वं माय," काकू म्हणाली. "वल्लं शे तोवर दिसस. सुकू दे."

संध्याकाळपर्यंत भिंत सुकली आणि कोरी झाली. कस्तुराला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. त्या दिवसांत तिला काहीच वाटत नव्हतं. जेवायला बसवलं की ती जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. सुंदरबाईचंही तसंच. फक्त ती मशीनवर बसायची. चाळीतल्या बायकांचे परकर, पोरांची झबली. पाय चालायचे, मशीन चालायचं, आणि सुंदरबाई दुसरीकडेच कुठेतरी बघत राहायची.

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी दाराशी हातगाडी येऊन थांबली. गाडीपुढे सायकल धरून एक चष्मेवाले गृहस्थ उभे होते. हे जीवराम, दुकानाचे नवे वसुलीवाले. गाडी ओढणारा आधार. जीवरामांनी वही उघडली.

"भाईदास यांचं घर ना? हप्ते बारा जमा. सहा बाकी. एकशेवीस रुपये."

सुंदरबाईचे पाय थांबले. "एकच बाकी शे, भाऊ. या महिन्याचा."

"वहीत सहा आहेत."

"पाच हप्ता दिनात. शालिग्रामभाऊजवळ पैसा दिनात."

जीवरामांनी चष्मा पुसला. "शालिग्राम गेल्या महिन्यात काम सोडून गेला. कुठं गेला ते आम्हीच शोधतोय. त्याने पैसे दुकानात भरलेले नाहीत. तुम्ही दिले असतील, नसतीलही. मला कागद दाखवा. त्याच्या हातचं काहीही दाखवा."

सुंदरबाईने दाराशेजारच्या भिंतीकडे पाहिलं. जीवरामांनीही पाहिलं. आधारनेही मान आत घालून पाहिलं.

"भिंतवर लिखेल व्हतं," सुंदरबाई म्हणाली.

"होतं म्हणजे?"

"चुना मारला."

आधार हसला. "घ्या! आमच्या सासऱ्याने माझा हुंडा असाच भिंतीवर लिहिला होता. भिंतच पडली."

"गप रे," जीवराम म्हणाले.

एव्हाना शेजारच्या झुंबरबाई दारात आल्या होत्या. "मढं उठून दोन महिने नाही झाले अन् तुम्ही गाडी घेऊन आले? लाज आहे का काही?"

"अक्का, मी नोकर माणूस. तीन हप्ते चुकले की मशीन उचलायचं, असा दुकानाचा नियम आहे. इथं तर सहा दिसतात."

"मग तुमच्या दुकानाने चोर पाठवला त्याचं काय? तो चोर आम्ही ठेवला होता?"

"ते दुकानातल्या मुनीमजींना विचारा."

"विचारते ना. आणा त्यांना इकडे. गाडीवर बसवून आणा!"

जीवरामांनी आधारला खूण केली. आधारने चप्पल बाहेर काढली, आत आला आणि मशीनखालचा पट्टा सैल करू लागला. सुंदरबाई उठून बाजूला झाली. तिने अडवलं नाही, रडलीही नाही. सुईखाली एका झबल्याची बाही अडकलेली होती. तेवढी तिने दाताने दोरा तोडून काढून घेतली.

कस्तुरा हंड्याजवळ उभी होती. मशीन गेलं की काय होणार हे तिला ठाऊक होतं. काकू जाताना म्हणाली होती, पोट भरेना झालं तर पोरीला धुळ्याला पाठवून दे, माझ्याकडे राहील, घरकाम शिकेल. तेव्हा आई म्हणाली होती, मशीन आहे तोवर नाही. कस्तुराच्या मनात हे सगळं एखाद्या दुसऱ्या मुलीबद्दल असावं तसं आलं आणि थांबलं. बाप गेला त्या दिवसापासून सगळं असंच यायचं, लांबून, कापसातून आल्यासारखं.

आधारने मशीन वर उचललं. जमिनीवर मशीनच्या पायांचे चार डाग उरले. ओलसर, काळपट. कस्तुराने ते डाग बघितले. मग तिला काकूचं बोलणं आठवलं. ओलं आहे तोवर दिसतं.

तिने हंड्यात तांब्या बुडवला.

"अगं, पाणी कशाला?" झुंबरबाई ओरडल्या. "परवापर्यंत पुरवायचं आहे ते!"

कस्तुराने तांब्या दाराशेजारच्या भिंतीवर ओतला. पाणी सरळ खाली ओघळलं. एका ठिकाणी भिंत काळसर झाली, बाकी तशीच. तिने दांडीवरचं फडकं घेतलं, बुडवलं आणि घासलं नाही, फक्त भिंतीला टेकवत गेली. वर, मग थोडं खाली, मग आणखी खाली.

आधार मशीन घेऊन दारातच थांबला होता. त्याने ते पुन्हा खाली ठेवलं.

आधी गेरूची बोटं दिसली. मग त्यांच्या बाजूला एक फिकट जांभळी रेघ. मग दुसरी. चुन्याच्या आतून, पाण्याखालच्या गोट्यांसारख्या. पाच. प्रत्येकीपुढे तारीख, प्रत्येकीपुढे 'शा'. चौथ्या तारखेवर पेन्सिल घसरलेली होती तीही तशीच.

जीवराम जवळ आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक जवळजवळ भिंतीला लावलं. मग वही उघडून शालिग्रामच्या जुन्या पानावरची सही बघितली, पुन्हा भिंतीकडे बघितलं. असं दोनदा केलं.

"त्याचाच आहे," ते म्हणाले. "हा 'शा' त्याचाच. तोच असं शेपूट काढतो."

"मग?" झुंबरबाई म्हणाल्या.

"मग काय, अक्का? मला दिसलं. पण मी मुनीमजींना भिंत नेऊन दाखवू का? ते म्हणतील, जीवराम, बाईच्या घरचा चहा प्यालास." ते सुंदरबाईकडे वळले. "बाई, मी जाऊन मुनीमजींना घेऊन येतो. त्यांनी डोळ्यांनी बघितलं तर वहीत पाच चढवतील. नाही दिसलं तर माझ्या हातात काही नाही. तासभर लागेल."

सुंदरबाईने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

जीवराम सायकलवर बसून गेले. आधार दाराच्या उंबऱ्यावर बसला, विडी काढली, झुंबरबाईंकडे बघून पुन्हा खिशात ठेवली. सुंदरबाई मशीनशेजारी जमिनीवर बसली. बाही तिच्या मांडीवर होती.

भिंत वरून सुकायला लागली. पहिली रेघ निळसर पांढऱ्यात बुडू लागली.

"ए पोरी," आधार म्हणाला, "ती जाते बघ. पाटी आण अन् उतरवून घे पटकन."

"पाटीवर माझं अक्षर येईल," कस्तुरा म्हणाली. "त्यांना शालिग्रामभाऊचं पाहिजे."

आधार उंबऱ्याच्या कडेला सरकला.

कस्तुराने हंडा भिंतीजवळ ओढून घेतला. त्यात अर्ध्याच्या खाली पाणी होतं. दुसरा हंडा रिकामाच होता. तिने फडकं बुडवलं आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून हंड्यातच हलकं पिळलं. मग पहिल्या रेघेवर टेकवलं. रेघ परत आली. दुसऱ्या रेघेवर टेकवलं. पाचवीपर्यंत गेली तोवर पहिली पुन्हा फिकी पडली होती. तिने फडकं पुन्हा बुडवलं, पुन्हा पिळलं, आणि पहिल्या रेघेपासून सुरुवात केली.