विन्कोची नवी दुर्बीण

विन्कोच्या बंदुकीवर नवी दुर्बीण नीट बसली, तर येर्नेयला पोहोर्येच्या रानात विन्कोसोबत शिकारीचा आणखी एक हंगाम मिळणार होता. शंभर मीटरवर तीन गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या, तरच शिकार मंडळ म्हाताऱ्या विन्कोला रानात सोडणार होतं. येर्नेयने स्वतः स्क्रू आवळले. सरावात विन्कोच्या गोळ्या तीन दिशांना गेल्या.

"स्क्रू ढिले ठेवलेस, गाढवा!"

आपल्या कामाला ठेवलेली नावं येर्नेयला खपत नसत. त्याने बंदूक हिसकावली आणि तीन गोळ्या नाण्याएवढ्या जागेत बसवल्या.

विन्कोने निशाणाचा कागद आणून त्यावरची भोकं बोटाने चाचपली.

"म्हणजे डोळेच गेले की रे माझे," म्हणत त्याने आपल्या टोपीतला, शिकाऱ्याच्या मानाचा, रानबोकडाच्या केसांचा तुरा येर्नेयच्या टोपीत खोवला.

येर्नेयचं काम निर्दोष ठरलं. चाळीस वर्षांचा रानातला सोबती मात्र त्याने स्वतःच्या हाताने घालवला.