मिठाची करंजी

कंपनीच्या दिवाळी मीटिंगचा फतवा निघाला: प्रत्येकाने आपल्या घरची एक गमतीदार प्रथा ऑनलाइन सांगायची. वेळ दुपारी चारची, कपडे सणाचे.

मी मेडशीला, आमच्या गावी बसून या पुण्याच्या कंपनीचं काम करते. दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं माझा कॅमेरा बंद आहे. टीम लीड अमरदीप सरांचा हुकूम. "मागे पत्रे दिसतात, बरं दिसत नाही. बोलायचं मी बघतो." रिपोर्ट मी लिहायचे, मीटिंगमध्ये वाचून दाखवायचे त्यांनी. आणि गेल्या आठवड्यात त्यांनीच मला कळवलं, निकिता, तू मीटिंगमध्ये दिसत नाहीस, बोलत नाहीस, म्हणून तुला कायम करता येणार नाही. दिवाळीनंतर घरी बस. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मीटिंग रंगात आली होती. एकाच्या घरी जुन्या रेडिओला उटणं लावतात, एकीच्या घरी भाऊबीजेला कुत्र्याला ओवाळतात. सगळ्यांच्या वरच्या राखी मॅडम पोट धरून हसत होत्या. माझं नाव पुकारलं गेलं आणि मी कॅमेरा चालू केला. पत्रे, सोयाबीनची पोती, दोरीवरचे कपडे, दिसू द्या सगळं.

"निकिता, कॅमेरा..." अमरदीप सर म्हणाले.

"सणाचे कपडे घातलेत सर. दाखवायला नकोत?"

मग मी सांगितलं, "आमच्याकडे एका करंजीत सारणाऐवजी मीठ भरतात. ती ज्याच्या वाट्याला येईल, त्याने वर्षभर गिळलेली एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलायची. त्या दिवशी कुणी रागवायचं नाही. आजीने याच करंजीवर आजोबांची तंबाखू सोडवली."

"मग खा ना आमच्यासमोर!" राखी मॅडम म्हणाल्या.

आईने ताट नुकतंच आणून ठेवलं होतं. मी एक करंजी उचलली, चावली आणि तोंड वाकडं केलं.

"आली!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत मी वाट पाहिली. पुण्याची भाषा मला चांगली येते, पण त्या वेळी ती तोंडात आलीच नाही.

"तं आइका. वर्षभराचे सारे रिपोर्ट म्या लिवले. मी बोलत नाई म्हणून मले काढून राह्यले, अन् बोलू नको म्हणून अमरदीप सरांनंच सांगतलं. त्याइचे मेसेज हायेत माह्यापाशी. मी भिऊन चूप राह्यली, ते माही चूक. आता नाई राहत."

अमरदीप सर नेटवर्कबद्दल काहीतरी पुटपुटले. त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

राखी मॅडमचं हसू गेलं होतं. "ते मेसेज मला पाठव, निकिता. आत्ता."

पाठवले. नोकरी राहते की जाते, देव जाणे. पश्चात्ताप म्हणाल तर तिळभर नव्हता.

लॅपटॉप मिटला तेव्हा आई झारा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काय वं, कोणती करंजी खाल्ली तू?"

"ताटातलीच."

"ताटातल्या तं साऱ्या गोड हायेत. मिठाची अजून भरलीच नाई म्या."

"मले माहीत हाय."

"मंग कायले तोंड वाकडं केलं?"

"माह्या वाट्याले ती कधी येईन, याची वाट नव्हती पाहाची मले."

उरलेली अर्धी करंजी मी खाऊन टाकली. आई आत गेली. मिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला.

"तुया बापाले हाक मार," ती आतून म्हणाली. "यंदाची मीच खाईन."